जन्मदाखला नसलेली बाहुली

अ‍ॅलिसन गेडिसनं बाहुलीचा मोजा ओढून काढला आणि तिचा तळपाय अख्ख्या वर्गासमोर धरला. कापडी तळव्यावर निळ्या शाईचा एक वेडावाकडा तारा होता.

"बघा! हा मीच काढलाय. ही माझी बीट्रिस आहे. आठवडाभर शोधतेय मी हिला."

"तिचं नाव जीन आहे," ऱ्होना म्हणाली. "दे इकडे."

"मग जन्मदाखला दाखव की."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. या बाहुल्या जन्मदाखल्यासकट मिळायच्या. प्रत्येकीचा चेहरा वेगळा, नाव वेगळं. त्यांच्यासाठी दुकानांबाहेर आया एकमेकींना कोपरानं ढकलायच्या. त्या वर्षी, चौऱ्याऐंशी साली, स्टोनहेवनच्या त्या वर्गात बाहुली नसलेल्या मुली तीनच होत्या आणि मधल्या सुट्टीत त्यांना खेळात घ्यायचं नाही, असं न बोलताच ठरून गेलं होतं. ऱ्होना त्या तिघींतली एक. गेल्या रविवारपर्यंत. त्या दिवशी तिला दहा वर्षं पूर्ण झाली आणि आईनं खाकी कागदात गुंडाळलेली बाहुली तिच्या मांडीवर ठेवली. अ‍ॅबरडीनला चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाली म्हणाली. दाखला हरवलाय, त्याचं काय एवढं! ऱ्होनानं तिला अशी मिठी मारली होती, की आईचा चष्मा वाकडा झाला होता.

आता तिनं तो तारा पुन्हा एकदा नीट पाहिला. गेडिसांच्या घरचा जिना, फरशा, न्हाणीघर आठवड्यातून तीन दिवस आईच पुसत होती.

"चोरटी!" अ‍ॅलिसन म्हणाली. "तुझी आई आमचे संडास घासते आणि तू..."

ऱ्होनानं तिचे केस धरले. वर्गशिक्षिका इमरीबाईंनी दोघींना सोडवलं तेव्हा ऱ्होनाच्या मुठीत पिवळ्या केसांचा झुपका होता आणि तेवढ्यानं तिचं समाधान झालेलं नव्हतं.

तासाभरानं मुख्याध्यापकांच्या खोलीत अ‍ॅलिसनच्या आई, मिसेस गेडिस आल्या. गाडीतून त्यांनी ऱ्होनाच्या आईलाही आणलं होतं. आईच्या कोटाखालून कामाचा एप्रन डोकावत होता. टेबलावर बाहुली पडली होती. मुख्याध्यापक खिडकीशी उभे राहून पाइप भरत असल्यासारखं करत होते.

"नेटा, मी कुणावर आळ घेत नाहीये," मिसेस गेडिस म्हणाल्या. "बाहुली आमच्या घरातून बाहेर कशी पडली, तेवढं मला कळायला हवं. सहा वर्षं घराची किल्ली तुझ्याकडे आहे."

साफसफाईच्या पावडरीनं आणि गरम पाण्यानं लाल झालेली बोटं आई एकमेकांत पिळत राहिली. बाबा पीटरहेडला दुसऱ्या बाईकडे राहायला गेल्यापासून घर त्या बोटांवर चाललं होतं. ऱ्होनाला ते बघवेना.

"मी घेतली," ती म्हणाली. "गेल्या शनिवारी आईला न्यायला आले होते तेव्हा. आईला माहीत नाही."

ऱ्होना आईकडे बघत राहिली. आता बोलेल. आता म्हणेल, पोरगी खोटं बोलतेय. काम गेलं असतं तर गेलं असतं. माशांच्या कारखान्यात बायका लागतच होत्या.

आईनं मान वर केली.

"माफी माग, ऱ्होना."

ऱ्होना नुसती बघत राहिली.

"ऐकू नाही आलं? मॅडमची माफी माग. आणि अ‍ॅलिसनची."

त्या आवाजात खोटं काहीच नव्हतं. घरी दूध सांडल्यावर असायचा, अगदी तसा.

ऱ्होनानं माफी मागितली, शब्द न् शब्द दातांखाली चावून. मिसेस गेडिसचा चेहरा सैलावला. त्यांना नवी बाई शोधावी लागणार नव्हती.

"झालं तर मग. लहान आहे. असू दे तिलाच. अ‍ॅलिसनकडे अजून चार आहेत."

"आई!" अ‍ॅलिसन किंचाळली.

"नको, नको, मिसेस गेडिस," ऱ्होनाची आई घाईनं म्हणाली. "तीच घेणार नाही. लाज वाटेल तिला."

ऱ्होनानं हात लांब केला आणि बाहुली टेबलावरून उचलली.

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ती आईच्या चार पावलं पुढे चालत होती. बाहुली तिनं मानगुटीला धरली होती.

"परत द्यायला हवी होतीस," आई मागून म्हणाली. "मान राहिला असता."

"कुणाचा?"

आईनं भरभर पावलं उचलून तिला गाठलं.

"ऱ्होना, अगं, दुकानात दोनदा गेले होते मी. मला वाटलं, त्यांच्याकडे इतक्या आहेत..."

"नको सांगूस मला."

कोपऱ्यावर बेकरीवाली मिसेस लीपर दारातली पाटी आत घेत होती.

"काय गं नेटा, आज लवकर सुटलीस?"

"हो ना," आई हसून म्हणाली. "पोरीला बरं नाही."

"मला काही झालेलं नाही!"

ऱ्होना एवढ्या मोठ्यानं ओरडली, की आतल्या गिऱ्हाइकांनीही माना वळवल्या. मिसेस लीपर पाटी हातात धरून तशीच उभी राहिली. आईनं लेकीकडे पाहिलं. ऱ्होनानं नजर हटवली नाही.

"खरंय," आई शेवटी म्हणाली. तिचं हसू गेलं होतं. "तिला काही झालेलं नाही."