पंधराव्या दिवसाचं लाल पाकीट

आमच्याकडे माणूस मोठा होतो तो लग्नाच्या दिवशी. तोवर त्याचे केस पिकोत नाहीतर दात पडोत, नव्या वर्षात तो पोरांच्याच रांगेत. लग्न झालेल्यांनी पैसे घातलेली लाल पाकिटं द्यायची आणि बाकीच्यांनी दोन्ही हात पुढे करून घ्यायची. मी चव्वेचाळीस वर्षांचा. हाँगकाँगच्या शाम शुई पो भागातल्या निम्म्या लिफ्ट माझ्या हातून दुरुस्त झाल्यात. तरी समोरच्या घरातली नवी सून मला पाकीट देताना म्हणते, "अभ्यास नीट करा हं." गंमतच करते बिचारी, पण लागायचं ते लागतंच.

आम्ही तिघे बिनलग्नाचे दोस्त दर रविवारी सकाळी चहाघरात एकाच टेबलाशी बसायचो. लामचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. कुठल्या माशाचं कुणाशी जमेल हे तो काचेबाहेरून सांगतो, स्वतःचं मात्र शेहेचाळिशीतही जमलेलं नाही. फाय मिनीबस चालवतो, आमच्यात सगळ्यांत लहान. गेल्या वर्षी लामने आम्हाला फुलबाजारात नेलं. पीचच्या बहरलेल्या झाडाभोवती फेऱ्या मारल्या की प्रेम जुळतं म्हणतात. फायने तीन मारल्या. मी हावरटासारख्या सात मारल्या. मला सर्दी झाली आणि फायची पाठ धरली. ती पाठ ज्या बाईने मोकळी केली तिच्याशीच त्याचं शरदात लग्न झालं.

यंदा नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी फायच्या घरी गेलो, तर पठ्ठ्याने बायकोसमोर पाकीट काढलं. "घे बाळ सुम, लवकर उंच हो."

माझं डोकं फिरलं. पाकीट त्याच्या चपलांच्या कपाटावर आपटलं. "तुझ्याकडून? मेलो तरी घेणार नाही!" म्हणालो आणि तरातरा जिना उतरलो. लिफ्टसाठीसुद्धा थांबलो नाही.

रागाच्या भरात मी त्याच दिवशी स्वतःच पाकिटांचा गठ्ठा विकत घेतला. घेणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायचंच नाही आता. द्यायचं.

आता क्वानबद्दल सांगायला हवं. चार महिन्यांपूर्वी ती आमच्या चहाघरात वाढायला आली. चाळिशीची, बाह्या दुमडलेल्या, कपाळावर कायम एक बट सुटलेली. मुळ्याच्या वड्यांतली कडेची करपलेली वडी मला आवडते हे तिने दुसऱ्याच रविवारी ओळखलं, आणि ती न मागता माझ्या बशीत येऊ लागली. किटली रिकामी झाली की आमच्याकडे झाकण तिरकं करून ठेवतात, मग कुणीतरी पाणी घालून जातं. मी भरल्या किटलीचंही झाकण तिरकं करायला लागलो. ती यायची, थोडंसं पाणी घालायची, "थंडी वाढलीय ना" असं काहीतरी बोलायची. माझा आठवडा तेवढ्यावर निघायचा.

आठव्या दिवशी, रविवारी, मी रुबाबात चहाघरात शिरलो. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याला एक पाकीट, दारातल्या पोरीला एक, आणि त्याच ओघात क्वानलाही एक. ती क्षणभर थांबली. मग एप्रनला हात पुसून तिने ते दोन्ही हातांनी घेतलं. "आभारी आहे, साहेब. घरच्यांनाही शुभेच्छा सांगा." मला वाटलं, छाप पडली!

पुढच्या रविवारी करपलेली वडी पलीकडच्या टेबलावर गेली. मी झाकण तिरकं केलं, तर एक टकला वाढपी येऊन पाणी ओतून गेला. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा तोच. क्वान लांबूनच म्हणाली, "काय हवं नको ते यांना सांगा, साहेब."

"काय केलंस रे तू?" लामने विचारलं. मी पाकिटाचं सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. "अरे गाढवा! लग्न झालंय म्हणून तूच तिला स्वतःच्या हाताने सांगितलंस की!"

"मग आत्ता जाऊन सांगतो की झालं नाही."

"सांग ना. बाहेर बायका शोधणारा प्रत्येक नवरा तेच सांगतो."

लाम बरोबर बोलत होता. तिने नजर वळवली होती ती उगाच नव्हती. एका फुकटच्या ऐटीपायी मी ही बाई गमावणार होतो, आणि तिच्याशिवायचा रविवार मला नको होता.

एवढ्यात फाय आला. तेरा दिवसांत आम्ही बोललो नव्हतो. तो गुपचूप बसला, माझ्या पेल्यात चहा ओतला. मीही सवयीने दोन बोटं टेबलावर टेकवून आभार मानले, आणि त्याला सगळं सांगून टाकलं.

"आज पंधरावा दिवस," फाय म्हणाला. "उद्यापासून पाकिटं बंद." त्याने खिशातून एक चुरगळलेलं पाकीट अर्धं बाहेर काढलं. तेच होतं ते, कपाटावर आपटलेलं. "जवळच ठेवलं होतं. तुझं होतं ना."

मला हुंदका येईलसं वाटलं. पण चहाघर भरलेलं होतं, आणि क्वान वाफेच्या टोपल्यांची गाडी ढकलत जवळून चालली होती. मी उठलो. दोन्ही हात पुढे केले आणि घसा फाटेस्तोवर ओरडलो, "फायदादा! नवं वर्ष सुखाचं जावो! माझं पाकीट द्या!"

चाळीस टेबलांवरच्या माना वळल्या.

फाय कसला सोडतोय! तोही उभा राहिला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "घे हो बाळ. चव्वेचाळीस वर्षांचा झालास, यंदा तरी कुणीतरी तुला पदरात घेवो." लोक टेबलं बडवून हसले. माझे कान तापले. हात मात्र मी मागे घेतले नाहीत.

क्वानची गाडी थांबली होती. ती हसत नव्हती. तिने एप्रनच्या खिशातून माझं पाकीट काढलं, न उघडलेलं, आणि माझ्या बशीशेजारी ठेवलं.

"हे तुमच्याकडेच असू द्या," ती म्हणाली. "देण्याचा हक्क मिळाला की द्या."

मग ती फायकडे वळली, बट कानामागे सारली आणि दोन्ही हात पुढे केले. "दादा, मलाही. माझंही अजून व्हायचंय."

फायने घाईघाईने सगळे खिसे चाचपले आणि एक पाकीट शोधून काढलं. क्वान आणि मी शेजारी शेजारी उभे, हातात पाकिटं धरून. मी वाकून किटलीचं झाकण तिरकं केलं.

क्वानने आत डोकावून पाहिलं.

"भरलेली आहे ही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मलाही. चार महिने भरलेलीच असते." तिने लामला हाताने जरा सरकायला सांगितलं आणि माझ्या शेजारी बसली.