दोन जावयांत एक अडॅप्टर

दोन सख्ख्या बहिणींचे नवरे, म्हणजे साडू. थोरलीचे बेकरीवाले, धाकटीचा चष्मेवाला. दोघांनी बोटीतून आलेल्या, परदेशात वापरलेल्या विजेवरच्या गाड्या एकदमच घेतल्या, अगदी एकसारख्या. जोडीनं घेतलं की स्वस्तात पडतं, हे बेकरीवाल्यांचं डोकं. आणि तिथंच घोडं अडलं. गाड्या जिथून आल्या तिथला प्लग वेगळा, इथल्या चार्जिंग स्टेशनांवरचा वेगळा. घरच्या सॉकेटला लावून ठेवलं की गावातल्या गावात भागायचं, पण लांब जायचं तर मध्ये अडॅप्टर हवाच. शोधशोध शोधला तेव्हा कुठं एकच हाती लागला.

मग दोघांनी आपसात कायदा केला. ज्याला लांब जायचं त्यानं अडॅप्टर मागायचा, दुसऱ्यानं द्यायचा. कुठं चाललात, कशाला चाललात, विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. साडूसाडूंत चौकशा नकोत म्हणे! मोठे शहाणे दोघंही.

वर्षभर बरं चाललं. मग एकदा जेवताना, सगळं घर पंगतीला असताना बेकरीवाले म्हणाले, "आमचे साडू सगळ्या गावाला चष्मे देतात, पण गाडी मागं घेताना ह्यांना स्वतःला भिंत दिसत नाही." भिंतीला गाडी घासली होती हे खरंच होतं. सगळे हसले, आणि सगळ्यांत जास्त हसली ती चष्मेवाल्याची बायको. चष्मेवाला मान खाली घालून जेवला. पण नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

त्यानंतर एका सुट्टीच्या सकाळी बेकरीवाल्यांचा फोन आला. "अडॅप्टर तुमच्याकडेच आहे ना? लागेल आत्ता."

"अहो, तो दुकानात राहिला," चष्मेवाला म्हणाला. "किल्ली कामवाल्या माणसाकडे, आणि तो गेलाय गावाला."

अडॅप्टर त्याच्या पायाशीच, कपाटाच्या खालच्या खणात होता. पलीकडून "बरं, बघतो काहीतरी," म्हणून फोन ठेवला गेला. बरी जिरली, असं म्हणत चष्मेवाल्यानं दुसरा चहा घेतला, आणि खरं सांगायचं तर तो त्याला गोड लागला.

दुपारी बायको फोन हातात धरूनच खोलीत आली. तिचा चेहरा उतरला होता.

"ताईचा फोन होता. बाबांनी आज सकाळी तिचं नाव घेऊन हाक मारली. आश्रमातल्या लोकांनी तिलाच कळवलं."

सासरे दुसऱ्या शहरात, म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात होते. कित्येक महिने त्यांना कुणाचीच ओळख पटत नव्हती, आरशातल्या स्वतःचीसुद्धा नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, असा एखादा दिवस उगवलाच तर धावत या, तो टिकायचा नाही.

"सारखं विचारतायत, थोरली कुठंय, थोरली कुठंय. आणि ताई-भावोजी होत्या तेवढ्या चार्जिंगवर निघाले, ते अर्ध्या वाटेवर चार्जिंग स्टेशनात अडकलेत. चार वायरी आहेत तिथं, एकही बसत नाही. बस थेट संध्याकाळी."

चष्मेवाला उठला. वाकून खण उघडला आणि अडॅप्टर काढला. बायको बघत होती. सकाळचं त्याचं बोलणं तिनं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. तिनं चपला घातल्या. अख्ख्या वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती. एक शिवी दिली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

स्टेशनाच्या कठड्यावर ताई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. अडॅप्टर बघताच उठली. "सापडला का हो? किती धावपळ झाली तुमची आमच्यापायी." चष्मेवाल्याला मान वर करवेना.

गाडी भरायला तासभर तरी लागणारच होता. बहिणी आत जाऊन बसल्या. दोघे साडू वायरीपाशी उभे राहिले.

"साडू, अडॅप्टर घरातच होता."

"कळलं होतं मला," बेकरीवाले म्हणाले. "तुम्हाला खोटं बोलता येतंय कुठं. बाबांचं सांगितलं असतं तर तुम्ही अनवाणी आला असता, तेही ठाऊक होतं. पण म्हटलं, कशाला नाक घासायचं? कायदाच आहे ना आपला, कारण सांगायचं नाही." वायर नीट बसलीय का ते चाचपून म्हणाले, "हिला यातलं काही बोलू नका. माझंही नाही, तुमचंही नाही."

चौघं आश्रमात पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. नर्सबाई दारातच म्हणाल्या, "जेवणापर्यंत नुसता धोशा लावला होता. मग डोळा लागला. आत्ताच उठलेत."

ताई जवळजवळ पळतच आत गेली. सासरे उशांना टेकून बसले होते. त्यांनी तिच्याकडे बघून हात जोडले.

"या, बसा. कुणाकडे आलात आपण?"

धाकटीनं ताईच्या पाठीवर हात ठेवला.

"माझी थोरली यायचीय," म्हातारा आपला सांगत होता, जरा अभिमानानंच. "सकाळीच निघालीय. येईल एवढ्यात. जावई आणतायत तिला. दोन्ही जावई माझे गुणी हो. एकाचं अडलं की दुसरा धावतो. वाटेत खोळंबा व्हायचा नाही तिचा."

दारात उभ्या चष्मेवाल्याला आत जाववेना आणि मागंही फिरवेना.

ताईनं डोळे पुसले, खुर्ची पलंगाजवळ ओढली. "मग मी बसते थोडी," ती म्हणाली, "ती येईपर्यंत."