दांडा कमरेला, पाणी पोटात

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. निळा रंग उन्हाने पांढुरका पडला आहे, एक कड आगीने आत वळली आहे आणि पोटावर कोयत्याचे घाव आहेत. घाव बुजवलेले आहेत, पण हात फिरवलात तर बोटांना लागतील. टाक्यांनी आपली गोष्ट सांगायची तर किती पाणी साठवलं, किती घरांची तहान भागवली, असं सांगावं. तेही सांगेन. पण मला मुख्य सांगायचं आहे ते एका दुपारचं. त्या दुपारी माझं पोट गळ्यापर्यंत भरलेलं होतं आणि कुणाच्याही कामी आलं नाही.

माझा जन्म मुरबाडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लोखंडी साच्यात निळी पूड ओतली, साचा आगीवर गरागरा फिरवला आणि थंड झाल्यावर मी बाहेर आले. माझ्यामागून माझ्या दोन बहिणी आल्या. आमचं रूप ठरवलं होतं योगिनीने. तिचं लहानपण भातसानगरच्या वसाहतीत गेलं. वडील धरणावर नोकरीला. घरातला नळ बारा महिने वाहायचा आणि उन्हाळा आला की वसाहतीच्या कुंपणाबाहेर पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन उभ्या राहायच्या. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण लोक भाषणात तोंडी लावतात. योगिनीने ती डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून शिकून इंजिनियर झाल्यावर तिने पहिलं काम आमचं हाती घेतलं.

तिचा विचार सोपा होता. डोंगरातल्या पाड्यावर मोठी टाकी चढत नाही, कारण वाट पायाची. मग लहान टाक्या करायच्या, रिकाम्या असताना बायांना डोक्यावरून नेता येतील अशा. वर नेऊन त्या एकीवर एक बसवायच्या. वरचीचा तळ खालचीच्या गळ्यात घट्ट बसतो आणि पाणी आपोआप खाली उतरतं. सगळ्यांत वरच्या टाकीला टँकरच्या पाईपापुरतं तोंड, म्हणजे घाण नको, डास नकोत, खरकटा तांब्या बुडवणं नको. आणि सगळ्यांत खाली मी. माझ्या पोटातच हापशी बसवलेली. दांडा वरखाली केला की झडप उघडते आणि पाणी येतं. नाहीतर थेंबही सुटत नाही.

शेडचा मालक सुरेंद्र कामाला चोख, पण तोंडाने फाटका. तो म्हणाला, "ताई, एवढा उपद्व्याप कशाला? सरळ एक नळ लावा ना."

"नळ उघडा राहतो, गळतो, पोरं मोडतात," योगिनी म्हणाली. "टँकर आठवड्याने येतो, सुरेंद्रभाऊ. एक रात्र नळ गळला तर पाड्याने प्यायचं काय?"

तिचं काही चुकीचं नव्हतं. सुरेंद्रचंही नव्हतं. हे मला फार उशिरा कळलं.

आम्हाला शेणव्याच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका लहानशा पाड्यावर नेलं. कुडाच्या भिंतींची आणि गवती छपरांची थोडीशी घरं. निम्मी माणसं होळीआधीच वीटभट्टीवर गेलेली. आम्ही तिघी बहिणी बारकी नावाच्या म्हातारीच्या अंगणात उभ्या राहिलो, कारण टँकरचा लांब पाईप तिथपर्यंतच पोचायचा. बायांनी माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं. पहिला हंडा भरला तेव्हा मी इतकी फुगले होते की विचारू नका.

पण पहिल्याच उन्हाळ्यात चोऱ्या सुरू झाल्या. पाण्याच्या. त्या भागात हे नवं नाही. तिथे लोक सोन्याला नाही, पिंपाला साखळी घालून कुलूप लावतात. दुपारी सगळे रानात गेले की कुणीतरी यायचं, दोन हंडे हापसून निघून जायचं. योगिनी पाहायला आली तेव्हा मीनाने तिला गाठलं. मीना ही बारकीची सून. नवरा जैतू भट्टीवर, म्हणून घराचा सगळा भार तिच्यावर.

"बाई, टाकी चांगली हाय," मीना म्हणाली, "पन हिला कुलूप लावायचं कुठं?"

योगिनी हसली, मग विचारात पडली. पुढच्या खेपेला तिने माझा दांडा बदलून आणला. एक खीळ ओढली की दांडा सुटून हातात यायचा. बाया खूश झाल्या. योगिनीही खूश झाली, कारण लोकांनी मागितलं ते तिने दिलं होतं. आणि खरं सांगू, मीही खूश झाले. आता मी मौल्यवान झाले होते.

दांडा ठेवायचा मान पाड्याने मीनाला दिला. ती तो पदरात गुंडाळून कमरेला खोचायची. बाया तिला चिडवायच्या, "आली गो दांडेकरीण!" सकाळ-संध्याकाळ ती दांडा लावायची, घरटी सारखं पाणी द्यायची आणि दांडा काढून घ्यायची. तिच्या वाटपाला कधी कुणी नाव ठेवलं नाही. तिची सासूसुद्धा नाही, आणि सासू म्हणजे सगळ्या पाड्याची खोडी काढणारी बाई.

पुढे बारकीचे पाय गेले. ती हातांवर सरकत अंगणात यायची आणि दिवसभर माझ्या गारव्याला पाठ टेकून बसायची. माझ्याशी बोलायचीही. "तुझं बरं हाय गो. पोट भरलेलं आनि पायांचं काम नाय." कधी सुनेला म्हणायची, "एक तांब्या जास्त दे ना, घसा सुकलाय." मीना म्हणायची, "सासू म्हनून जास्त नाय. उद्या शेजारची गोदू बी मागंल." त्यावर म्हातारी रागवायची नाही. मीना पाठमोरी झाली की माझ्या अंगावर थाप मारून म्हणायची, "सून कडक हाय माझी." तिच्या आवाजात तक्रार नसायची, तोरा असायचा. मित्रांनो, मला ती म्हातारी फार आवडायची.

मग ते वैशाखातले दिवस आले. भाताची रोपं टाकायच्या जागी पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. राब भाजताना कडेला पाण्याचे दोन हंडे भरून ठेवायची तिथली जुनी रीत. पाड्यातला म्हातारा महिपत आदल्या दिवशी मीनाकडे आला.

"दोन हंडे दे गो मीना. राब पेटवायचाय."

"काका, प्यायला पुरंना आनि जाळायला कुठून देऊ? हिरवी फांदी घेऊन उभं ऱ्हावा."

महिपतला ते पटलं. मलाही पटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला. टँकर जिथे उभा करून पाईप वर ओढायचे तिथला रस्ता खचला होता, म्हणून तो खालीच थांबला. या वेळी तो लवकर आला होता, त्यामुळे मी अजून भरलेलीच होते, पण आलेलं पाणी सोडतो कोण? सगळ्या बाया हंडे घेऊन धावल्या. मीनाने जाता जाता सासूला पाहिलं. उन्हाच्या झळा अंगणात उतरल्या होत्या. तिने बारकीला काखेत धरून उचललं आणि आत झोपडीत सावलीला ठेवलं.

"पानी दे ना जरा," म्हातारी म्हणाली.

"आलेच टँकरचं घेऊन. तेच देते गार," मीना म्हणाली आणि पळाली. दांडा नेहमीसारखा तिच्या कमरेला होता.

महिपतने राब पेटवला तेव्हा वारा पडलेला होता. मग तो उठला. जळती पानं उडाली आणि बारकीच्या छपरावर पडली. महिपत हिरवी फांदी घेऊन धावत आला, पण फांदीने जमिनीवरची आग झोडता येते, छपरावरची नाही. पेटतं गवत दारात कोसळलं होतं, आत शिरता येईना, म्हणून तो माझ्याकडे धावला. दांड्याच्या जागी हात घातला. तिथे नुसतं भोक होतं.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं तुम्ही ऐकलं असेल. इथे आडात होतं, मित्रांनो. पोहराच नव्हता.

त्याने दगड घातला, मग कोयता. पण योगिनीने मला जाड केलं होतं, फुटू नये म्हणून. कितीतरी घावांनंतर माझ्या पोटातून बोटाएवढी धार निघाली. तो ती मडक्यात धरून भिंतीवर फेकत होता आणि रडत होता. आतून बारकी आधी मीनाला हाका मारत होती. मग नुसतीच हाक येत होती, कुणाचं नाव नसलेली. मग तीही थांबली.

धूर पाहून मीना चढणीवरून धावत आली. डोक्यावरचा भरलेला हंडा तिने टाकला नव्हता, हे लक्षात ठेवा. सबंध चढण तिने तो सांभाळून आणला आणि दारातल्या निखाऱ्यांवर ओतला. मग तिने कमरेला हात लावला. दांडा हातात घेऊन ती तशीच बसली. माझी धार संध्याकाळपर्यंत राखेत वाहत होती. कुणी तिच्याखाली भांडं लावलं नाही.

योगिनी आली ती चार दिवसांनी. तिने माझ्या घावांवरून बोटं फिरवली.

"दांडा निघावा असं मीच केलं, मीना."

"मीच मागितला व्हता ना," मीना म्हणाली. तिने दांडा पुढे केला. "ह्यो परत बसवा. आनि असा बसवा का कुनाला निघायला नको."

मला मुरबाडला नेलं. सुरेंद्रने घाव बुजवले, दांडा रिव्हेट ठोकून पक्का केला. मग मी पाड्यावर परतले.

गेल्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा कमी होऊ लागलं. रोज दुपारी कुणीतरी येऊन हापसायचं. मी त्यांना ओळखते. पण सांगणार नाही. शेजारची गोदू मीनाकडे आली.

"मीना, चोरी व्हतीय गो. त्या बाईंना सांग, दांडा काढायचा कर पयल्यासारखा."

मीना हंडा घासत होती. तिने वर पाहिलं नाही. "नेऊ दे. पानीच नेतो ना? मानूस तं नाय नेत."

गोदू माघारी गेली. त्या उन्हाळ्यात पाड्याच्या वाट्याला एकेक तांब्या कमी आला. लोक कुरकुरले, पण मीनाच्या तोंडावर पुन्हा कुणी हा विषय काढला नाही.

मित्रांनो, पाणी जपा असं तुम्हाला शाळेत शिकवतात. ते खरंच आहे, जपाच. माझ्यासारख्या टाक्यांचीही निगा राखा, आम्ही मुक्या असलो तरी कामाच्या आहोत. पण पाण्याला कुलूप लावायची वेळ कुणावर आणू नका, आणि आलीच तर किल्ली पाण्यापासून दूर नेऊ नका. बारकी बसायची त्या बाजूला माझा रंग अजून तिच्या पाठीएवढा घासलेला आहे. उन्हातून कधी आमच्या पाड्यावर आलात, तर तिथेच पाठ टेका. तहान लागली तर कुणाला विचारू नका. दांडा जागेवर आहे.