हंसांच्या पाण्यातला गमबूट

मी एक जुना गमबूट आहे. मित्रांनो, तुम्ही नाकाला रुमाल लावलात तरी मला राग येणार नाही. माझा वास मलाही सहन होत नाही.

गुडघ्यापर्यंत येणारा साधा गमबूट मी नव्हे. खाली दोन बूट, त्यांना जोडलेली रबरी विजार, ती थेट छातीपर्यंत, आणि खांद्यांवर अडकवायला दोन पट्टे. दूर समुद्रकाठच्या एका कारखान्यात मी तयार झालो. तिथल्या बायका दिवसभर आमचे तळवे चिकटवायच्या आणि जेवायला बसल्या की कुरकुरायच्या, "शी! भातालासुद्धा गोंदाचा वास येतोय." माझ्या कानांवर पडलेले ते पहिले शब्द. पुढचं आयुष्य कसं जाणार याची कल्पना मला तिथेच यायला हवी होती.

ह्वांग हो नदी उत्तरेत मोठं वळण घेते, त्या वळणावरच्या सान्दाओवान गावात मला सू मानथुन नावाच्या कोळ्याने आणलं. माणूस भला होता. पण त्याच्या पायांना साबण दिसायचा तो वर्षातून दोनदा. लसणाचा, घामाचा आणि ओल्या लोकरी मोज्यांचा वास माझ्या पोटात कायमचा मुरला. वरून माशांचा चिकट बुळबुळीतपणा, खवले, आतडी. मासे साफ करताना तो हात पुसायचा तेही माझ्याच मांड्यांवर!

एकदाच माझं कौतुक झालं. एका पुरात मानथुनने शाळेच्या मास्तरांच्या म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेऊन छातीएवढ्या पाण्यातून बांधापर्यंत आणलं. गावाने माझ्या पट्ट्याला लाल फडकं बांधलं. त्या दिवशी मला माझी किळस आली नाही.

मग मानथुनचे गुडघे गेले. थंड पाण्याने ते खाल्ले. त्याने मला गोठ्यातल्या खिळ्याला टांगलं आणि तो मला विसरला. चार वर्षं मी तिथे होतो. माझ्या डाव्या पायात उंदरीण व्याली. सहा पिल्लं. त्यांनी सगळं तिथेच केलं. सगळं म्हणजे सगळं.

तिथून मला बाहेर काढलं ते त्याच्या बायकोने, रुनल्येनने. पन्नाशीची, बुटकी, तोंडाने फटकळ बाई. पाणथळ भागाच्या कचेरीने तिला पक्ष्यांवर लक्ष ठेवायला नेमलं होतं. दंडाला पट्टी दिली, एक दुर्बीण दिली. बूट काही दिले नाहीत. तिने मला झटकलं, उंदरांचं घरटं बाहेर फेकलं, गुडघ्याच्या भोकावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं, पुढे जुने मोजे कोंबले आणि पाय घातले.

"शी, शी, शी!" ती म्हणाली. "अहो, ह्यात तुम्ही माणसाचे पाय घालत होता की मेंढीचे?"

तीन हिवाळे मी तिच्याबरोबर पाण्यात उतरलो.

मित्रांनो, आमच्याकडे पूर पावसाने येत नाही. हिवाळा सरता सरता येतो. तिकडे वरच्या अंगाला, दक्षिणेकडे, नदीचा बर्फ आधी वितळतो आणि ते पाणी खाली येतं. आमच्या वळणावर मात्र नदी अजून घट्ट गोठलेली असते. वरून आलेल्या बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढतात, कडाकडा फुटतात, त्यांची भिंत होते. मग पाणी जाणार कुठे? ते नदीकाठच्या मक्याच्या शेतांत शिरतं. ससे बांधावर पळतात. तितर कणसांच्या पेंढ्यांवर बसून ओरडतात. एकदा मी एक कोल्हा पाहिला. सशांपासून दहा हातांवर ओला होऊन बसला होता आणि त्यांच्याकडे बघतही नव्हता.

आणि त्याच पाण्यावर हंस उतरतात. उत्तरेला जाताना वाटेत ते इथे थांबतात. कापणीच्या यंत्रातून सांडलेला मका पाण्याखाली असतो, तो खातात. चक्रवाक येतात, रानबदकं येतात. सकाळी उजाडताना हजारो माना एकदम वर होतात, तेव्हा रुनल्येनसुद्धा बोलायची थांबते.

पण ते पाणी! तुम्ही ते लांबून पाहता. मी त्यात उभा राहतो. पूर येताना गावोगावचं सगळं घेऊन येतो. प्लास्टिकच्या पिशव्या, फवारणीच्या बाटल्या, पोरांचे भरलेले लंगोट, फुगून ढोल झालेली मेंढी. हे सगळं माझ्या मांड्यांना येऊन चिकटतं. नदी घाण करत नाही. नदी नुसती परत आणून देते.

त्या वर्षी पूर मोठा होता. नदीचा बर्फ फुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाण्यात उतरलो, तर शेतातल्या उंचवट्याजवळ एक चक्रवाक उताणा तरंगत होता. रुनल्येनने त्याला उचललं. चोचीत मक्याचा दाणा होता. दाणा जांभळट, आणि वास असा की माझं रबर आकसलं. चार पावलांवर आणखी सहा चक्रवाक. लव्हाळ्यात एक हंस. मान पाण्यात, पंख अर्धे उघडे. त्याची जोडीदारीण शेजारीच पोहत होती आणि चोचीने त्याची पाठ ढोसत होती.

उंचवट्यावर तेच विष लावलेले दाणे मुठीमुठीने पसरलेले होते, आणि कडेच्या चिखलात होडी टेकल्याची खूण होती.

रुनल्येनने तो हंस छातीशी धरला. त्याचं डोकं माझ्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होतं. चोचीतून फेस गळत होता, तो माझ्यावर पसरला. आयुष्यभर मी माशांची आतडी सोसली. पण त्या फेसाइतकं घाण माझ्या अंगाला कधीच लागलं नव्हतं.

बांधावर हंस ठेवून ती सरळ दिराच्या खानावळीकडे निघाली. सू अरहू, मानथुनचा धाकटा भाऊ. हमरस्त्याला त्याची खानावळ होती, आणि गावात होडी होती ती त्याचीच. ती मागच्या अंगणात शिरली तेव्हा तो बदकं सोलत होता. कढत पाण्याचं घमेलं, ओली पिसं, आणि बाजूला कापून टाकलेल्या पोटांचा ढीग. त्या पोटांतून जांभळे दाणे बाहेर आले होते. ढिगाशेजारी त्याची पिवळी मांजर पडली होती, चारही पाय ताठ.

"भाऊजी," रुनल्येन म्हणाली, "मांजर का मेली?"

"म्हातारी झाली होती."

"गेल्या वर्षी तर आणलीत."

अरहूने सुरी पाण्यात बुडवली. "वहिनी, उगाच कांगावा करू नका. शहरातली माणसं रानबदकासाठी लांबून येतात. पोट काढून टाकलं की मांसाला काही होत नाही. बोटं चाटतात लोक!"

"आणि हंस?"

"त्याला मी थोडंच बोलावलं होतं? दाणे बदकांसाठी होते."

ती अंगणाबाहेर आली आणि तिने कचेरीला फोन लावला. रस्ता पाण्याखाली आहे, उद्या दुपारपर्यंत येतो, असं तिकडून उत्तर आलं.

उद्या दुपारपर्यंत! आभाळात हंसांचे नवे थवे घिरट्या घालायला लागले होते.

ती घरी गेली, बादल्या घेतल्या, झारा घेतला. मानथुन चुलीशी बसला होता. तिने त्याला सगळं सांगितलं.

"अगं, तो भाऊ आहे माझा," मानथुन म्हणाला.

"मग बसा भावाला कुरवाळत. मी दाणे वेचायला चालले."

दिवसभर तिने दाणे वेचले. उंचवट्यावरचे हाताने, पाण्यातले झाऱ्याने. गुडघ्याचं ठिगळ सुटलं आणि बर्फाचं पाणी माझ्या आत शिरलं. तिचा पाय आधी थरथरत होता, मग थरथरायचा थांबला. ते मला जास्त भयंकर वाटलं. मी तिला कोरडं ठेवू शकत नव्हतो, आणि मला माझीच शिसारी आली. गमबुटाला दुसरं काम काय असतं?

दुपारी बांधावरून ठणाठणा आवाज यायला लागला. मानथुन आला होता. काठीवर रेलून तो कपडे धुण्याचं पत्र्याचं घमेलं बडवत होता, हंस खाली उतरू नयेत म्हणून.

"जोरात!" रुनल्येन पाण्यातून ओरडली. "जेवला नाहीत का?"

"तू रांधलंस कुठे!" तो वरून ओरडला, आणि बडवत राहिला. दिवस मावळेपर्यंत दोन बादल्या दाण्यांनी भरल्या होत्या. हंस पलीकडच्या स्वच्छ पाण्यावर उतरले.

दुसऱ्या दिवशी अरहूच्या खानावळीत नदी उघडल्याची पंगत होती. बर्फ फुटल्यावरच्या पहिल्या माशाला आमच्याकडे फार मान. गावातले वडीलधारे होते, रस्ता बुडण्याआधीच शहरातून आलेले दोन पाहुणे होते. मानथुन थोरला भाऊ म्हणून मध्ये बसला होता. मासा होता, डुकराचं डोकं होतं, आणि पाहुण्यांसमोर मोठ्या वाडग्यात बदकाचा रस्सा. अरहूच्या स्वतःच्या वाडग्यात मटण होतं.

रुनल्येन मला घालूनच आत शिरली. माझ्यावरून चिखल गळत होता. फरशीवर ओघळ गेले.

"वहिनी, बूट तरी बाहेर काढा!" अरहू म्हणाला. "काय ही घाण!"

"घाण टेबलावर आहे," ती म्हणाली. तिने त्याच्या चॉपस्टिक घेतल्या, रश्श्यातली तंगडी उचलली आणि त्याच्या वाडग्यात टाकली. "खा भाऊजी. सण आहे."

"माझं पोट ठीक नाही."

"मटण बरं पचतं?"

शहरातल्या एका पाहुण्याने तोंडाशी नेलेला घास थांबवला. "खा की मालक, एवढं काय?"

अरहूने वाडगा हळूच बाजूला सारला.

तेव्हा मानथुनने हात पुढे केला. त्याने भावाच्या वाडग्यातली ती तंगडी उचलली. "पोट काढून टाकलं की काही होत नाही, असं तू म्हणालास ना? मग मी खातो. भावाच्या घरचं अन्न आहे." आणि त्याने ती ओठांना लावली.

अरहूने झेप घेऊन त्याच्या हातावर फटका मारला. तंगडी भिंतीवर आपटली. "दादा, नको! थुंक! थुंक आधी!" आणि तो भावाचं तोंड स्वतःच्या बाहीने पुसायला लागला, लहान पोराचं पुसावं तसं. पुसताना तो रडत होता.

पाहुण्यांपैकी एक जण दाराकडे धावला आणि पायरीवरच ओकला. त्याचे शिंतोडे माझ्यावर उडाले. ह्याच माणसाने, मित्रांनो, आदल्या संध्याकाळी हंस मिळेल का म्हणून विचारलं होतं, हे नंतर कळलं. मला त्याची कणभरही कीव आली नाही.

मानथुनने तो घास भावावरच्या विश्वासाने उचलला की भावाला उघडं पाडायला, हे मला आजही ठाऊक नाही. रुनल्येनने कधी विचारलं नाही. कचेरीची माणसं ट्रॅक्टरवरून आली, पोलीस आले. पाहुण्यांना दवाखान्यात नेलं. ते वाचले. अरहूने काही नाकारलं नाही. अकरा हंस आणि चाळीस चक्रवाक चुन्याच्या खड्ड्यात पुरले. एकेक करून रुनल्येननेच ते नेले.

मानथुन बायकोशी महिनाभर बोलला नाही. ती त्याच्यासमोर ताट ठेवायची, तो जेवायचा, उठायचा. मग हंस उत्तरेला निघाले तेव्हा एके सकाळी तो बांधावर तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "किती गेले?" त्याने विचारलं. "मोजू द्या, मध्ये बोलू नका," ती म्हणाली. तिथून पुढे दोघांचं बोलणं सुरू झालं.

दीड वर्षाने अरहू तुरुंगातून परत आला. खानावळीला कुलूप, आणि गावात कुणी त्याला दारात उभं करीना. मानथुन रोज संध्याकाळी त्याच्याकडे जातो. रुनल्येनने वाफवलेले मंतौ, म्हणजे पिठाचे फुगीर गोळे, फडक्यात बांधून नेतो. तिथे बसून प्रत्येक मंतौ मधोमध मोडतो, एक अर्धा आधी स्वतः खातो, मग दुसरा अर्धा भावाच्या हातात देतो. मला हे माहीत आहे, कारण पाऊलवाट ओली असली की तो मलाच घालून जातो.

मित्रांनो, मी घाणीत जगलो. चिखल धुता येतो, खवले खरवडता येतात, उंदरांचं घरटंही झटकून टाकता येतं. मला वापरून झालं की धुवा, उलटा टांगा, वाऱ्यावर वाळू द्या, मी आणखी पाच हिवाळे काढीन. नदीत मात्र काही टाकू नका. आणि कुणी कौतुकाने पानात काही वाढलं, तर वाढणारा स्वतः ते खातो का, एवढं बघा आणि मगच घास उचला.