गेमच्या पेटीतला कौल

मालवणच्या बंदराजवळच्या गल्लीत लवूचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. एकेकाळी शाळा बुडवून तिथे जी पोरं धक्काबुक्की करायची, तीच आता टक्कल आणि पोट मिरवत, हातात नारळ धरून दारात रांगेने उभी होती.

पार्लर बंद होऊन वर्षं लोटली होती. गेल्या साली लवूही गेला. त्याच्या वर्षश्राद्धाला कोणीतरी सहज एका जुन्या पेटीचं बटण दाबलं आणि पेटी सुरू झाली. पडद्यावरचं विमान कोणी हात न लावता उडू लागलं, गोळ्या झाडू लागलं. लवूच खेळतोय, असं बाबू म्हणाला, आणि जमलेल्यांनी माना डोलावल्या.

हा बाबू पूर्वी पार्लरच्या दारात सोडा विकायचा. आता कपाळभर कुंकू फासून तो पेटीचा पुजारी झाला. देवळात कौल लावला की मूर्तीवरची पाकळी उजवीकडून पडली तर होकार, डावीकडून पडली तर नकार, हे इथल्या पोराबाळांनाही ठाऊक. बाबूने पाकळीच्या जागी विमान बसवलं. पेटीवर नारळ फोडायचा, सगळ्यांना हात जोडून डोळे मिटायला लावायचे, गाऱ्हाणं घालायचं आणि शेवटी म्हणायचं, "बगा." विमान उजवीकडे वळलं तर काम होणार, डावीकडे वळलं तर विषय संपला. बँकेतून निवृत्त झालेले सत्यवान तर येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून सांगत, की ऊर्जा कधी नष्ट होत नाही, ती फक्त रूप बदलते, हे विज्ञानच आहे. लवूची ऊर्जा नेमकी याच पेटीत का शिरली, एवढं मात्र विज्ञानाने त्यांना कळवलं नव्हतं.

लवूची धाकटी बहीण सुनीती कणकवलीला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. हा प्रकार फोनवर ऐकला तेव्हा ती पोट धरून हसली होती. मग तिच्या वहिनीचा, म्हणजे लवूच्या बायकोचा, सुशीलाचा फोन आला आणि हसू मावळलं. सुशीलाच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टरांनी उशीर करू नका म्हणून बजावलं होतं, ऑपरेशनसाठी बुधवारची तारीखही दिली होती. सुशीलाने पेटीला विचारलं, आणि विमान डावीकडे गेलं. मग गाठीवर बाबूनेच दक्षिणा घेऊन उतारे काढायला सुरुवात केली.

"ते नको म्हणतत गो," ती म्हणाली. सुनीतीने हरप्रकारे समजावलं. पलीकडून नुसतं हुंकार देणं चाललं होतं.

रविवारी सकाळीच सुनीती मालवणात थडकली. पाहते तर पार्लरमध्ये सुतकी कळा. पडद्यावर विमान नव्हतं, नुसते रंगीबेरंगी आडवे पट्टे थरथरत होते. बाबू घुमत होता. सुशीलाने डॉक्टरची तारीख अजून मोडली नाही म्हणून लवू कोपला, असं त्याचं निदान झालं होतं. सुशीला कोपऱ्यात बसून डोळे पुसत होती. तिचा तो चेहरा पाहून सुनीतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने ओरडायचं टाळलं. पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पेटीचं मागचं दार उघडायला लागली.

पेटी उघडलीस तर घराण्याचा नाश होईल, असं बाबूने बजावलं. तेव्हा सुशीलाच उठली. "उघडू दे तिका," ती म्हणाली. "तेंची भैण आसा ती. पेट्यो दुरुस्त करूक तेंणीच शिकवल्यानी तिका."

मागचं दार निघालं आणि आंबूस वास आला. आत गेमचा मोठा हिरवा बोर्ड होता, त्यावर नारळाच्या पाण्याचे ओघळ वाळून चिकटले होते. सुनीतीने आधी मीटर लावून वीज नीट पोचतेय का ते पाहिलं. पोचत होती. मग वीज बंद करून तिने बोर्ड बाहेर काढला. वायरी जिथे जोडतात ती तांब्याच्या पट्ट्यांची कड खाऱ्या हवेने आणि बाबूच्या नारळांनी हिरवीगार पडली होती. तिने कड स्पिरिटने पुसली, शाळकरी खोडरबराने घासून लखलखीत केली. एक चिप खाचेतून अर्धवट वर आली होती, ती अंगठ्याने दाबून बसवली. बोर्ड परत जोडला, बटण दाबलं. पट्टे गेले, विमान आलं.

"लवू कोपलो नव्हतो," ती म्हणाली. "तुमी तेका नारळाच्या पाण्यान भिजवलास."

कोणीतरी खुदकन हसलं. सत्यवान मात्र विचारते झाले, की मग विमान आपणहून उडतं ते कसं?

सुनीतीने सगळ्यांना बसवलं. आज डोळे उघडे ठेवायचे, तोंड बंद ठेवायचं, आणि पेटीला काही म्हणजे काही विचारायचं नाही, एवढंच सांगितलं. पडद्यावर गुणांची यादी आली, मग विमान आलं आणि डावीकडे वळलं. पुन्हा यादी, पुन्हा विमान, या वेळी उजवीकडे. मग डावीकडे. मग उजवीकडे. पाचव्या खेपेला मागची बाई स्वतःच पुटपुटली, "आता डावीकडे जातला." आणि गेलं.

खेळणारा नसला की गिऱ्हाइकाला भुलवायला पेटी आपणहून खेळाचा नमुना दाखवते. असे दोनच नमुने या पेटीच्या चिपमध्ये भरून ठेवले होते, ते आलटून पालटून येत. दारात सोडा विकता विकता बाबूला ते पाठ झाले होते. आवाजावरून त्याला कळायचं कुठला नमुना चाललाय. पुढचं विमान हव्या त्या बाजूचं असलं की गाऱ्हाणं चटकन आटपायचं, नसलं की आणखी चार देव जोडून लांबवायचं. लोक डोळे मिटून "व्हय म्हाराजा" म्हणत बसायचे, तेवढ्यात मधलं विमान कुणाला न दिसता निघून जायचं.

"माझ्या वैनीक डावो कौल कित्याक दिलंस?" सुनीतीने विचारलं.

बाबू नारळाच्या करवंट्या गोळा करायला लागला. ऑपरेशन झालं असतं, वहिनी बरी झाली असती, तर गाठीवरच्या त्याच्या उताऱ्यांना कोण विचारणार होतं?

सुशीला पडद्याकडे बघत होती. नवरा वर्षभराने भेटला होता आणि आज तो दुसऱ्यांदा गेला. सुनीतीला एकदम अपराध्यासारखं झालं. तिने वहिनीचा हात धरला.

"माकाच कळाक व्हया होता," सुशीला सावकाश म्हणाली. "साधो ताप इलो तरी माका सायकलीवर बसवन डॉक्टराकडे व्हरल्याशिवाय ते कधी रवले नाय. मी रडलंय तरी आयकूक नाय. असो माणूस मेल्यावर माका जाव नको असा कसो सांगात?"

गेलेल्या माणसाच्या नावाने कोणी काही सांगायला लागला, तर आधी एवढंच आठवून पाहावं, की तो माणूस जिवंतपणी असं बोलला असता का. ज्याला हेही विचारायचं नसेल, त्याने निदान डोळे तरी उघडे ठेवावेत.

सुशीलाने पुढे होऊन पेटीचं बटण बंद केलं, आणि बुधवारी कुठली गाडी सोयीची पडेल ते नणंदेला विचारलं.