चार ठेव, बाकी काढ

त्या दुपारी दशांशची दाढ निघाली, आणि नोकरीही निघायच्या बेतात आहे हे त्याला तासाभरातच कळलं.

दशांश हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाळण्यातलं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरीपट वाचतो कोण? आर्किटेक्टच्या ऑफिसात लागल्याच्या पहिल्याच महिन्यात त्यानं एका शाळेच्या मॉडेलला दाराची रुंदी देताना दशांशचिन्ह तीन घरं चुकवलं. थ्रीडी प्रिंटरमधून छापून आलेल्या शाळेत शिरायचं तर मुंगीलाही अंग चोरून जावं लागलं असतं. तेव्हापासून तो दशांश.

त्याचं काम डब्यांचं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर छोटे छोटे डबे मांडायचे. एकात आकडा, एकात गुणिले, एकात भागिले, एकात साइन, असं करत डब्याला डबा तारेनं जोडत जायचं. या टोकाला आकडा सरकवला की त्या टोकाला इमारत हलते. सध्या एका वाचनालयाची भिंत चालू होती. एकशे चाळीस उभ्या पट्ट्यांची भिंत, साइनच्या डब्यामुळे पाण्यासारखी लाट घेणारी. दोनशे बारा डबे होते, आणि कोणती तार कुठे जाते हे फक्त दशांशला माहीत होतं. म्हणजे त्याला तसं वाटायचं.

तर दाढ काढून, अर्धं तोंड बधिर, गाल फुगलेला, असा तो ऑफिसात परतला. त्याच्या शेजारी जावई बसायचा. हा बाईंच्या थोरल्या मुलीचा नवरा. बाई म्हणजे ऑफिसच्या मालकीण. दोन महिन्यांपूर्वी तो "सहज शिकायला" म्हणून आला होता. सहज आलेला माणूस दोन महिने सहज राहतो, इथंच दशांशला पाणी मुरताना दिसत होतं. आत्ता जावई जागेवर नव्हता. त्याच्या पडद्याला मात्र बाईंच्या अक्षरातली पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती:

"चार ठेव. बाकी काढ. दशांश नको."

दशांशनं ती तीनदा वाचली. ऑफिसात बाई सोडून माणसं सात. चार ठेवायची, बाकीची काढायची. तिघांमधल्या दोघांबद्दल बाईंनी जावयाला मोकळीक दिली होती. तिसऱ्याचं नाव लिहूनच दिलं होतं.

तेवढ्यात जावई चहाचा कप घेऊन आला.

"काय रे, निघाली का?"

"अँ?" दशांश एवढंच म्हणू शकला.

"दाढ रे. निघाली?"

"ओँ."

"सुटलास बघ. कुजकं ठेवून काय करायचंय? काढून टाकलेलंच बरं."

दशांशनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. कुजकं! तोंडावर बोलतोय, आणि तेही तोंड बधिर असताना.

घरी थोरल्या ताईला त्यानं सगळं सांगितलं. ताई कपडे शिवायची, आणि दुसऱ्याच्या संशयाला अस्तर लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"जावई आला की घरचा भाचासुद्धा पाहुणा होतो," ताई दोरा तोडत म्हणाली. "तुझं काम त्याला येतं का?"

"अजून नाही. पण विचारत असतो. ही तार कुठे जाते, तो डबा काय करतो."

"बघ! आणि तू सांगतोस?"

"सांगतो."

"दाढ काढली की अक्कल काढली रे तुझी? किल्ली आपल्या कमरेला असेपर्यंत कोणी आपल्याला घराबाहेर काढत नाही."

दुसऱ्या दिवसापासून दशांशला जिकडेतिकडे पुरावे दिसू लागले. बाईंनी "खुर्ची कुरकुरतेय तुझी" म्हटलं. खुर्ची दुसऱ्याला द्यायचीय. झाडूवाल्या मावशींनी त्याच्या टेबलाखालचा खोका हलवला. सामान बांधायला सुरुवात झाली. आणि जावयानं तर कळसच केला.

"एक सुचवू? या डब्यांना नावं दे ना. म्हणजे तू नसलास तरी कोणालाही कळेल."

तू नसलास तरी! चोराच्या मनात चांदणं, पण हे चांदणं भर दुपारी पडलं होतं.

"देतो की नावं," दशांश म्हणाला.

आणि दिली. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत, सगळे खाली गेल्यावर, त्यानं एकेक डबा हाती घेतला. गुणाकाराच्या डब्याचं नाव ठेवलं "वजाबाकी". वजाबाकीचं "मोठी वहिनी". साइनचं "छोटी वहिनी". कोनाचे अंश बदलून रेडियन करणाऱ्या डब्यावर लिहिलं "फालतू", म्हणजे कोणाचं लक्ष जाऊ नये. वर शोभेला कुठेच न जाणारे वीस डबे पेरले आणि त्यांनाही "फालतू" म्हटलं. तारा अशा फिरवल्या की पडद्याकडे पाहिलं तर मांजरानं लोकरीच्या गुंड्याशी खेळून झाल्यासारखं वाटावं. खरी नावं एका कागदावर उतरवावीत असं एकदा मनात आलं. पण कागद सापडला तर? म्हणून नाही उतरवली. आता काढा म्हणावं दशांशला.

चौथ्या दिवशी वाचनालयाचे ग्रंथपाल भिंत बघायला आले. बारीक चणीचे गृहस्थ, बोलताना आपोआप कुजबुजायचे. बाई, जावई आणि ते मोठ्या पडद्यासमोर बसले. दशांश कॉम्प्युटरवर.

"लाट जरा मोठी करून दाखव," बाई म्हणाल्या.

लाट मोठी करायला गुणाकार हवा. गुणाकार म्हणजे "वजाबाकी". की "मोठी वहिनी"? दशांशनं घाम पुसला. एका वहिनीचा आकडा वाढवला तर भिंत जमिनीत गेली. दुसरीला हात लावायची हिंमत झाली नाही. निदान शोभेच्या तारा काढून वाट मोकळी करावी म्हणून त्यानं एका "फालतू"ला बाजूला केलं.

नेमका खरा.

पडद्यावर भिंतीनं लाट सोडली आणि साळिंदराचं रूप घेतलं. एकशे चाळीस पट्ट्या, एक पुढे, एक मागे, एकीचा दुसरीशी संबंध नाही.

"अंश थेट साइनमध्ये गेले वाटतं," जावई हळूच म्हणाला. "त्याला रेडियन लागतात."

दशांशनं वळून पाहिलं. याला येतंय!

"इथं मुलं वाचायला बसणार आहेत," ग्रंथपाल कुजबुजले. "आणि खिडक्या दिसत नाहीत कुठे."

बाईंचा आवाज मात्र शांत होता. त्या जावयाकडे वळल्या. "लाट राहू दे. तू खिडक्या तरी नीट कर. त्या दिवशी लिहून दिलं होतं ना? चार ठेव, बाकी काढ, दशांश नको."

मग दशांश उठला.

"तोंडावर, बाई? पाहुण्यांसमोर? अहो, काढायचं तर काढा, पण एकट्याला बोलावून सांगायचं! सात माणसांतली चार ठेवणार, तर बाकीच्या तिघांचा काय गुन्हा?"

"कोण सात?" बाई म्हणाल्या.

"आम्ही!"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पट्टीच्या नंबराला चारनं भाग द्यायचा," त्या पहिलीच्या बाईंसारख्या सावकाश म्हणाल्या. "बाकी काढायची. बाकी शून्य आली तर तिथे खिडकी. म्हणजे दर चौथी पट्टी उघडी. नंबर पूर्णांकात हवेत. कारण नंबरात दशांश शिरला तर बाकी नेमकी शून्य कधी येतच नाही, आणि खिडकी उघडत नाही."

ग्रंथपालांनी मान डोलावली. बाकीची रीत त्यांना पटली.

"चारचा आकडा तसाच ठेव म्हणाल्या होत्या," जावई म्हणाला. "मी तीन करून पाहत होतो."

दशांश बसला. उभं राहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ग्रंथपालांना बाईंनी उद्या पुन्हा यायची विनंती केली आणि स्वतः जिन्यापर्यंत सोडून आल्या. परत येऊन पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

"ही छोटी वहिनी कोण?"

"साइन," दशांश म्हणाला.

"आणि गुणाकाराला वजाबाकी कोणी म्हटलं?"

एका क्षणात उत्तर तयार होतं. जावई शेजारीच उभा होता, नावं द्यायची कल्पनाही त्याचीच. "यानं सुचवलं" एवढंच म्हणायचं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. दशांशनं तोंड उघडलं.

"मी," तो म्हणाला. "वाटलं, कोणाला कळलं नाही तर मला काढता येणार नाही."

"तुला काढायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं," बाई म्हणाल्या. "आता मात्र सुचतंय. संध्याकाळपर्यंत दोघं बसा. प्रत्येक डब्याला खरं नाव. हा जावई एकट्यानं फाइल चालवू शकला, तर तू राहिलास. नाहीतर तूच सांग काय करायचं ते."

म्हणजे नोकरी टिकवायची तर स्वतःच्या हातानं स्वतःची गरज संपवायची. दशांशनं हे वाक्य मनात उलटंसुलटं करून पाहिलं. त्यात कुठेतरी सापळा होता, पण कुठे ते कळेना.

ते बसले. "वजाबाकी"चा गुणाकार झाला. वहिन्या गेल्या. शोभेचे डबे काढताना जावई प्रत्येक वेळी विचारायचा, "हा नक्की फालतू का?" आणि दशांशला प्रत्येक वेळी त्याचा चेहरा तपासावा लागायचा. साडेपाचला जावयानं एकट्यानं लाट मोठी केली, लहान केली, दर चौथी पट्टी उघडली. एकदाही चुकला नाही. हे फार वाईट लक्षण होतं.

बाईंनी पाहिलं. "बरं," म्हणाल्या. "दशांश, उद्या नऊला ये."

ऑफिस साडेनऊचं. दशांश जिना उतरू लागला. नऊला का? साडेनऊला का नाही? सगळे यायच्या आत बोलावतात म्हणजे काय? पहिल्या वळणावर त्याला रिकामं ऑफिस दिसलं, दुसऱ्या वळणावर टेबलावरचं पाकीट. खालच्या पायरीवर तो थांबला. मग मागे वळून, धापा टाकत, तीन मजले पुन्हा चढला.

"बाई, नऊला का?"

बाई दिवे बंद करत होत्या, जावई कुलूप घेऊन दाराशी उभा होता. "ग्रंथपाल साडेनऊला येणार आहेत. त्याआधी तू मला एकदा शिकवशील म्हणून. मलाही येत नाही ते."

दशांशनं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग एकदा जावयाच्या.

"पावणेनऊला येतो," तो म्हणाला.