आईच्या हातचा पंप

मार्नीचा दमा बरा झाला आणि तिचं नशीबच फुटलं.

अमेरिकेत मेन राज्यातल्या त्या तळ्याकाठच्या उन्हाळी शिबिराचा नियम कडक होता. पोराचं औषध आईबापाने स्वतः येऊन, औषधाच्या दुकानातून आणलेल्या मूळ खोक्यात, सिस्टरच्या हातात द्यायचं, आणि शेवटच्या दिवशी स्वतःच येऊन परत न्यायचं. पोराच्या खिशातून नाही, बसमधून तर नाहीच. म्हणून गेल्या उन्हाळ्यात दम्याचा पंप घेऊन आई दोनदा आली होती. दवाखान्याच्या पायरीवर बसून तिने मार्नीला मांडीवर ओढलं होतं, "घोडी झालीस गं, पाय मोडशील माझे," म्हणत.

मग हिवाळ्यात आई बापाला सोडून ड्वेनबरोबर समुद्राकडे राहायला गेली, तिथल्या तळलेल्या मासळीच्या दुकानात कामाला लागली, आणि मार्नी बापाजवळ राहिली. बर्फ वितळल्यावर डॉक्टर म्हणाले, छाती ठणठणीत, आता पंप नको. सगळ्यांना केवढा आनंद! आता औषधच नाही तर सोडायला कोण येतंय? पोरीला बसमध्ये बसवून दिलं.

दुसऱ्या आठवड्यात ती खोकायला लागली.

"पुन्हा खोक," छातीला नळी लावत लोर्ना सिस्टर म्हणाली. मार्नी जीव तोडून खोकली. "हा काही छातीतला खोकला नाही गं बाई."

"माझा गेल्या उन्हाळ्यातला पंप आईकडेच राहिलाय. ती आणून देईल. तिनेच आणायचा असा नियम आहे ना?"

"नियम बरे पाठ आहेत! दात घासायचा तेवढा आठवत नाही." सिस्टरने नळी काढून गळ्यात अडकवली. मग पुटपुटली, "दम्याची पोर खोकतेय म्हटल्यावर घरी कळवायलाच हवं मला," आणि तिने मार्नीच्या आईला फोन लावला. ठेवताना म्हणाली, "शनिवारी येतोय तुझा पंप."

पंप येतोय म्हणजे आई येतेय! आता शनिवारपर्यंत या पोरीच्या घशाखाली घास उतरेल का? शनिवारी सकाळी तिने कुणी न सांगता केस धुतले, होडीवर गेली नाही, आणि नाश्त्याचा ब्लूबेरीचा केक अर्धा आईसाठी रुमालात बांधून पायरीवर येऊन बसली.

दुपारी ट्रक आला. उतरला तो ड्वेन. हातात कागदी पिशवी.

"पोरीच्या आईने, ट्रूडीने पाठवलंय," तो म्हणाला.

"ट्रूडी कुठंय?" सिस्टरने दारातच विचारलं. "मी आईच्याच हातून घेते. परत न्या."

मार्नीचं काळीज उडी मारून वर आलं. वा रे सिस्टर!

"अहो बाई, दोन तास गाडी हाकत आलोय! पंप आहे, बॉम्ब नाही!"

"मग आणखी दोन तास हाका."

ड्वेनने चिडून ट्रूडीला फोन लावला आणि सिस्टरपुढे धरला. मेल्या नियमाला एक शेपूट होतं: आईबापाने नेमून दिलेला मोठा माणूसही चालतो. आईचा आवाज पायरीपर्यंत खणखणीत आला. "घ्या हो सिस्टर त्याच्याकडून, माझी परवानगी आहे. शनिवारचं दुकानात पाय ठेवायला जागा नाही, इकडे शेवंडं उकळतायत!"

"पोर इथंच आहे. बोलता?"

"रात्री करते हं. माझा पापा सांगा तिला."

फोन बंद झाला. सिस्टरने खोकं काढून घेतलं, कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. ड्वेन मार्नीच्या डोक्यावर टपली मारून गेला. माणूस वाईट नव्हता. केकवर मुंग्या चढल्या होत्या.

रिकामी पिशवी सिस्टर चुरगाळणार, तोच मार्नी म्हणाली, "ती देता?"

"पिशवीला काही नियम नाही. घे."

पिशवी आईच्या दुकानातली होती. मार्नीने तिच्यात तोंड खुपसलं. तळणाचं तेल, लिंबू, आणि त्याच्याखाली अगदी पुसट, आई हाताला लावायची ते क्रीम. पंप घेताना डॉक्टरांनी शिकवलं होतं तसाच तिने श्वास घेतला: हळू, खोल, आणि आत धरून ठेवायचा.

"सोड आता बाळा," सिस्टर शेजारी बसत म्हणाली.

मार्नीने मान हलवून नाही म्हटलं.